पीक डिस्ट्रिक्टच्या खडीवाटा: ग्रॅव्हल सायकलचा पहिला मोसम

इंग्लंडात नव्याने आलेली आपली मंडळी मला सायकलीबद्दल विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "कुठली घेऊ?" असा असतो. मी सांगते, सायकल नंतर घ्या, आधी नकाशा घ्या. मी डर्बीत राहते आणि सुट्टीचा दिवस जमेल तेव्हा पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात घालवते. डांबरी रस्ता सोडून खडीच्या, मातीच्या, जुन्या रेल्वेच्या वाटांनी फिरायचं असेल, तर सायकल कितीही भारी असली तरी एक गोष्ट यावीच लागते. समोरची वाट कुठल्या प्रकारची आहे आणि तिच्यावर सायकलला हक्क आहे का, हे ओळखता आलं पाहिजे. सह्याद्रीत पायवाट दिसली की आपण चालू लागतो. इथे प्रत्येक वाटेला कायद्याने ठरवलेली जात आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्रॅव्हल सायकलचं हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं असतं, पण टायर बरेच रुंद, गिअर हलके आणि बैठक जराशी सैल असते. ती डांबरावर बऱ्यापैकी पळते आणि खडीवर टिकते. उंच खडकांवरून उड्या मारण्यासाठी ती नाही, त्याला माउंटन बाईक लागते.

आधी हिरव्या रेघा वाचायला शिका

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे एक्सप्लोरर मालिकेतले नकाशे १:२५,००० प्रमाणाचे असतात, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. पीक डिस्ट्रिक्टसाठी दोन लागतात: दक्षिणेच्या व्हाइट पीकसाठी ओएल २४ आणि उत्तरेच्या डार्क पीकसाठी ओएल १. कागदी नकाशा घेतलात तर त्याच्यासोबत फोनवर वापरायची प्रतही मिळते. मी दोन्ही वापरते. घरी टेबलावर कागद पसरून वाट ठरवायची आणि बाहेर फोन बघायचा.

या नकाशावर हिरव्या तुटक रेघा दिसतात. आखूड तुकड्यांची रेघ म्हणजे फूटपाथ. ही फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. लांब तुकड्यांची रेघ म्हणजे ब्रायडलवे. मुळात ही घोड्यांची वाट, पण १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टने तिच्यावर सायकलला परवानगी मिळाली, या अटीवर की सायकलवाल्याने चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. रेघेला आडव्या काड्या किंवा फुल्या असतील तर ती बायवेपैकी, म्हणजे जुन्या गाडीवाटांपैकी एखादी, तिथेही सायकल चालते. फुल्यांच्या बायवेवर मात्र मोटारसायकल आणि जीपही येऊ शकते, म्हणून वळणावर कान उघडे ठेवा. याशिवाय हिरव्या ठिपक्यांच्या काही वाटा असतात. त्या बहुतेक जुने, बिनडांबरी गावरस्ते असतात आणि ग्रॅव्हलसाठी त्यांतल्या काही फार सुंदर आहेत.

प्रत्यक्ष जागेवर फाटकाच्या खांबावर छोटे बाण ठोकलेले दिसतील. पिवळा बाण फूटपाथचा, निळा ब्रायडलवेचा, जांभळट बाण मोटारींना बंदी असलेल्या बायवेचा आणि लाल बाण सगळ्या वाहनांना खुल्या बायवेचा. एवढं पाठ झालं की अर्धं काम झालं. नकाशावर मोठमोठे भाग फिकट पिवळ्या रंगाने भरलेले असतात, त्याला नवखे हमखास फसतात. ती २००० सालच्या कायद्याने खुली झालेली जमीन आहे, पण खुली पायी फिरणाऱ्यांना. सायकल घेऊन तिथे वाटेल तसं शिरता येत नाही.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी एका ॲपवर दोन गावं टाकली आणि त्याने आखून दिलेल्या निळ्या रेषेवर विश्वास ठेवून निघाले. तिसऱ्या किलोमीटरला समोर दगडी भिंत आली. तिच्यात पाय ठेवण्यापुरते दगड बाहेर काढलेले होते, म्हणजे भिंत चढून पलीकडे उतरायची सोय. इंग्लंडात अशी पायरी आली की समजावं, ही चालणाऱ्यांची वाट आहे. हे मला कळेपर्यंत सायकल खांद्यावर घेऊन मी अशा चार भिंती ओलांडल्या होत्या. पाचव्या भिंतीपाशी कुत्रा घेऊन आलेल्या एका आजोबांनी शांतपणे खांबावरचा पिवळा बाण दाखवला आणि ब्रायडलवे कुठून लागेल तेही सांगितलं. तेव्हापासून माझा नियम आहे: ॲपने आखलेली वाट ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर ठेवून बघायची आणि डांबराबाहेरचा प्रत्येक तुकडा तपासायचा. वीस मिनिटं लागतात.

या रेघांचं मोल कळायला थोडा इतिहास माहीत असावा. इथली माळरानं एकेकाळी जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ला शेकडो लोक, त्यातले बरेच मँचेस्टरच्या बाजूचे कामगार, बंदी मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. त्यांच्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. पुढे १९५१मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आज आपण ज्या रेघेवरून निवांत जातो तिच्यामागे एवढं आहे, म्हणून ती नीट वाचून पाळावी असं मला मनापासून वाटतं. (हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला बहुतेक जमीन खुली आहे.)

पहिली स्वारी जुन्या रेल्वेवरून

डोंगराळ भाग म्हटला की नवखा माणूस चढाला घाबरतो. त्यावर पीक डिस्ट्रिक्टकडे तयार उत्तर आहे. इथल्या कित्येक रेल्वेमार्गांची गाडी विसाव्या शतकात बंद पडली, रूळ उखडले आणि त्याच मातीच्या बांधावरून सायकलवाटा झाल्या. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून जमीन कापून, भराव टाकून मार्ग जवळजवळ सपाट ठेवलेला असे. त्या काळच्या मजुरांनी चढ आधीच मोडून ठेवला आहे. आपण फक्त पायडल मारायचं.

पहिल्या दिवसासाठी मी टिसिंग्टन ट्रेल सुचवते. ॲशबोर्न गावातून निघून ती पार्स्ली-हे इथपर्यंत जाते, १३ मैल म्हणजे सुमारे २१ किलोमीटर. रेल्वे १८९९ची, ट्रेल १९७१ची. ॲशबोर्नला आता रेल्वे नाही, त्यामुळे डर्बीहून मोटारीने या किंवा जमत असेल तर सायकलनेच या. सायकल नसेल तर ॲशबोर्न आणि पार्स्ली-हे या दोन्ही टोकांना भाड्याने मिळते. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून आधी बघून घ्या.

ॲशबोर्नच्या टोकाला रेल्वेचा जुना बोगदा आहे, त्यात दिवे आहेत. बोगदा संपून मेपलटन लेनचा वाहनतळ मागे पडतो न पडतो तोच वाट अचानक खाली घसरते आणि लगेच तेवढीच वर चढते. "रेल्वे सपाट असते म्हणालात ना?" असं इथे प्रत्येक जण विचारतो. तिथे पूर्वी बेंटली ब्रुक ओढ्यावर उंच पूल होता, तो पाडला गेला. म्हणून आपल्याला ओढ्यापर्यंत उतरून पुन्हा चढावं लागतं. उतरण्याआधीच हलका गिअर टाका. खाली पोचल्यावर जोर देऊन गिअर बदलायला गेलात तर चेन खडखडते, कधी उतरते. पूर्ण ट्रेलवरचा खरा चढ एवढाच. पुढे वाट इतक्या हळू चढते की डोळ्यांना कळत नाही, फक्त मांड्यांना कळतं. येताना तीच वाट ढकलत आणते, आणि म्हणूनच मी सुरुवात ॲशबोर्नहून करायला सांगते. पार्स्ली-हेहून निघालात तर आधी मजेत उतराल आणि दमल्यावर चढ वाट्याला येईल.

टिसिंग्टन गावात थांबाच. ईस्टरनंतरच्या असेन्शन सणाला, म्हणजे बहुधा मे महिन्यात, तिथल्या विहिरी सजवतात. लाकडी चौकटीत ओली माती थापून तिच्यात फुलांच्या पाकळ्या एकेक करून दाबतात आणि पूर्ण चित्र उभं करतात. आपल्याकडची फुलांची रांगोळी ज्याने काढली आहे त्याला ती मेहनत बघताक्षणी कळेल. त्या आठवड्यात गर्दी फार असते, सायकल हातात धरून चालायची तयारी ठेवा.

ट्रेलवरचा थर चुनखडीच्या बारीक भुग्याचा आहे. दाबून घट्ट बसलेला, कोरड्या दिवसात पांढरा. दोन्ही बाजूंना कुरणं आणि दगडावर दगड रचलेल्या, चुना-सिमेंट नसलेल्या भिंती. कोकणातला गडगा डोळ्यासमोर आणा, फक्त दगड जांभ्याऐवजी करडा चुनखडीचा. व्हाइट पीक हे नाव या दगडामुळेच पडलं आहे.

पार्स्ली-हे इथे टिसिंग्टन ट्रेल हाय पीक ट्रेलला मिळते. तिथे चहा घ्या आणि अंगात जोर किती उरला आहे ते स्वतःला खरं खरं विचारा. बेताचा असेल तर आल्या वाटेने परता, ४२ किलोमीटर होतील आणि पहिल्या दिवसाला ते पुष्कळ आहेत. जोर असेल, आणि अशी एक-दोन फेऱ्यांची सवय झाली असेल, तर पुढची वाट मला पीक डिस्ट्रिक्टमध्ये सर्वांत प्रिय आहे.

मिनिंगलोचा वळसा

पार्स्ली-हेहून हाय पीक ट्रेलने आग्नेयेला वळायचं. ही ट्रेल क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेच्या मार्गावर आहे. ती रेल्वे १८३१मध्ये पूर्ण झाली, म्हणजे रेल्वेचं युग नुकतं उजाडत होतं तेव्हा. अभियंता जोसायस जेसप. मूळ विचार कालव्याचा होता, पण एवढ्या उंच, कोरड्या चुनखडीवर कालव्याला पाणी कुठून आणणार? म्हणून रेल्वे बांधली, तीही कालव्याच्याच पद्धतीने: लांबलचक सपाट टप्पे आणि मध्ये जिथे कालव्याला पाण्याच्या पायऱ्या लागल्या असत्या तिथे एकदम तीव्र उतरंडी. त्या उतरंडींवर डबे साखळदंडांनी, नंतर दोरांनी, वाफेच्या यंत्राने वर ओढत. स्थानकांनाही स्थानक न म्हणता घाट, म्हणजे व्हार्फ, म्हणत.

सायकलवाल्याला हे माहीत असणं कामाचं आहे. या ट्रेलवर तुम्ही मैलोन्‌मैल सपाट जाल आणि मग आठास एक, म्हणजे आठ मीटर जाताना एक मीटर, असा चढ किंवा उतार समोर येईल. असे दोन उतार, मिडलटन आणि शीप पाश्चर, क्रॉमफर्डच्या टोकाला आहेत. क्रॉमफर्डला रेल्वे स्थानक आहे म्हणून नवखे तिथून सुरुवात करतात आणि पहिल्याच तासात पायांतला जोर संपवतात. रेल्वेने येणार असाल तर हे दोन चढ सायकल ढकलत चढा, त्यात कमीपणा काही नाही. उतरतानाही सायकल हातात धरूनच उतरावं असं मी म्हणेन, कारण खाली चालणारी माणसं आणि मुलं असतात. मिडलटन टॉपला वाफेचं ओढयंत्र आणि त्याचं दगडी घर अजून जपलेलं आहे.

आपला वळसा तिथपर्यंत जात नाही. फ्रायडेनची वीटभट्टी मागे टाकली की गॉथमचं वळण येतं. रेल्वेने सुमारे ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्यावं ही कल्पनाच अजब, पण सायकलवर ते वळण अंगाला जाणवतं. पुढे मिनिंगलोची टेकडी दिसते, माथ्यावर झाडांचा झुबका आणि त्या झाडांत नवाश्मयुगीन थडगं. टेकडीखालून ट्रेल उंच दगडी भरावावरून जाते. मी तिथे भिंतीला सायकल टेकवून हमखास बसते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात गडग्यांच्या सावल्या कुरणांवर आखल्यासारख्या पडतात. दोनशे वर्षांपूर्वी हाताने रचलेला तो भराव इतका एकसंध आहे की एकेका दगडाचा सांधा बघत राहावंसं वाटतं.

लाँगक्लिफपाशी ट्रेल सोडून छोट्या रस्त्याने ब्रॅसिंग्टनला उतरा, तिथून ब्रॅडबोर्न आणि मग टिसिंग्टन. हे रस्ते अरुंद आणि डांबरी आहेत. त्यांवर छोटे पण छाती भरून आणणारे चढ आहेत. ब्रॅडबोर्न आणि टिसिंग्टनच्या मध्ये ओढा थेट रस्त्यावरून वाहतो. पाऊस झालेला असेल आणि पाण्याचा अंदाज येत नसेल तर सायकलवरून त्यात उतरू नका, पाण्याखालचा तळ शेवाळलेला असू शकतो. टिसिंग्टनला पुन्हा ट्रेल लागते आणि ॲशबोर्नपर्यंत उतार, शेवटी बेंटली ब्रुकचा तो एक चढ. सगळं मिळून साधारण ५० किलोमीटर. ताशी १२ ते १५ किलोमीटर धरून वेळ काढा, डांबरी रस्त्यावरचा वेग इथे धरू नका.

टायर, हवा आणि सर्वांत लहान गिअर

सायकलीबद्दल आता बोलू. नवी घेण्यापूर्वी एकदोनदा भाड्याने चालवा. नोकरी असेल तर कार्यालयात सायकल-टू-वर्क योजना आहे का विचारा. पगारातून कर कापण्याआधी हप्ते जातात आणि बरीच बचत होते.

विकत घेताना मी दोनच गोष्टी बारकाईने बघते. पहिली, टायर किती रुंद बसतात. किमान ४० मिलिमीटर बसावेत आणि बसल्यावर चौकटीत बोटभर जागा उरावी. ती जागा चिखलासाठी असते. एका फेब्रुवारीत मी शेतातल्या ब्रायडलवेवरून जात होते. चिकणमाती चाकाला लागत गेली, चौकटीत दाटली आणि चाक फिरायचंच थांबलं. दोन किलोमीटर सायकल उचलून, काठीने माती उकरत रस्त्यावर आले. तेव्हापासून हिवाळ्यात रेल्वे ट्रेल आणि दगडी वाटाच धरते, शेतातल्या वाटा मे ते सप्टेंबर. त्यात वाटेचंही भलं आहे, ओल्या मातीत चाकांनी पाडलेले चर महिनोन्‌महिने राहतात.

दुसरी गोष्ट, सर्वांत हलका गिअर. पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दाते मोजा आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे मोजा. मागचे दाते पुढच्याइतके किंवा जास्त असले तर सामान्य माणूस इथले बहुतेक चढ बसून चढू शकतो. पुढे ४०, मागे ४२ असेल तर छान. पुढे ३९, मागे २८ अशी रेसिंगची मांडणी असेल तर इथे गुडघे दुखवून घ्याल.

हवेबद्दल नवखे सगळे एकच चूक करतात, टायर दगडासारखा कडक भरतात. खडीवर कडक टायर उडत राहतो, पकड सुटते आणि हात बधिर होतात. साठ-पासष्ट किलो वजनाच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआयने (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी. आत ट्यूब असेल तर पाच-सहा जास्त, नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन भोकं पडतात. वजन जास्त असेल तर हवाही जास्त. मग दर स्वारीला दोन-दोन पीएसआय कमी करत बघा. रिम दगडाला टेकल्याचा टणत्कार ऐकू आला की समजा, फार उतरलात.

सोबत काय न्यायचं? दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, चेनचा एक जोडदुवा, छोटा पानासंच. पंक्चर काढण्याचा सराव घरी, कोरड्या जागी, दोनदा करा. थंडीत बोटं वळत नाहीत तेव्हा पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये.

चढ, उतार, फाटक, घोडा

खडीच्या चढावर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक घसरतं. बसून राहा, कोपर सैल, छाती थोडी पुढे, वजन मागच्या चाकावर. उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवा, तिथून ब्रेक पूर्ण ताकदीने दाबता येतो. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात फक्त चाक फिरू द्या. ओली चुनखडी फार घसरडी असते, विशेषतः झाडाखालची, गुळगुळीत झालेली. तिच्यावरून जाताना ब्रेकही नको आणि वळणंही नको. गुरांना अडवायला रस्त्यात पुरलेल्या लोखंडी नळ्यांची जाळी येते, ती अगदी काटकोनात ओलांडा. तिरपं चाक ओल्या नळीवर पडलं की सायकल अंगाखालून निघून जाते.

फाटक ज्या स्थितीत मिळेल त्याच स्थितीत सोडायचं. बंद होतं तर बंद, आणि कडी बसल्याचा आवाज ऐकूनच पुढे जायचं. शेतकऱ्याने मुद्दाम उघडं ठेवलं असेल तर उघडं राहू द्या, गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून ते बरेचदा ठेवतात. वसंतात कोकरं असतात, मेंढ्यांच्या मधून चालण्याच्या वेगाने जा. वासरं असलेल्या गायींना मोठा वळसा घाला. त्या आपल्याकडच्या गोठ्यातल्या सवयीच्या गायींसारख्या नसतात, वासरासाठी अंगावर येतात.

घोड्याबाबत मात्र सविस्तर सांगते, कारण ब्रायडलवेवर तो कधीही भेटेल आणि तिथे आधी वाट त्याची आहे. मागून येत असाल तर बरंच अंतर ठेवून वेग कमी करा आणि तोंडाने बोला. साधं "हॅलो, मागून सायकल येतेय, जाऊ का?" एवढं इंग्रजीत मोठ्याने म्हणा. घंटी एखाद्या घोड्याला दचकवते. माणसाचा आवाज ऐकला की मागे माणूस आहे हे त्याला कळतं. स्वाराने हो म्हटल्यावरच, चालण्याच्या वेगाने, शक्य तितकी जागा सोडून पुढे जायचं. समोरून येत असेल तर सायकल कडेला घेऊन थांबा. एकदा घोड्यावरच्या एका बाई माझ्याशी बोलत पाच मिनिटं उभ्या राहिल्या. पुढचा ब्रायडलवे पावसाने खचला आहे, वरच्या वाटेने जा, हे त्यांनीच सांगितलं. थांबलं की अशी माहिती मिळते.

दुसरी पायरी: डर्वेंटची धरणं

रेल्वे ट्रेल अंगवळणी पडल्यावर उत्तरेला डार्क पीकमध्ये या. इथला दगड चुनखडी नाही, ग्रिटस्टोन म्हणजे खरबरीत, काळपट वालुकाश्म. वर पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन. डर्वेंटच्या खोऱ्यात तीन धरणं एकापाठोपाठ आहेत: हाउडन, डर्वेंट आणि लेडीबोअर. जवळचं रेल्वे स्थानक बॅमफर्ड, शेफील्ड आणि मँचेस्टरच्या मधल्या मार्गावर. गाडीत सायकलींना जागा अगदी मोजकी असते, म्हणून सकाळची लवकरची गाडी धरा.

डर्वेंट धरणाखालच्या फेअरहोम्सपासून वरच्या दोन जलाशयांना वळसा घाला, साधारण १६ किलोमीटर. पश्चिमेकडून शांत डांबरी रस्ता, वरच्या टोकापासून पूर्वेकडून खडीची, काही ठिकाणी बरीच ओबडधोबड वाट. टोकाला स्लिपरी स्टोन्स नावाच्या जागी एक दगडी पूल आहे, ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला, अरुंद. तो मुळात इथला नाही. लेडीबोअर धरणात डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं बुडाली. डर्वेंट गावातला हा पूल त्याआधी दगड दगड सुटा करून काढून ठेवला आणि १९५९मध्ये इथे पुन्हा उभारला. ज्यांच्या घरात कोयनेच्या किंवा उजनीच्या बुडित गावांच्या आठवणी आहेत, त्यांना त्या पुलावर उभं राहून काय वाटेल ते मी वेगळं सांगायला नको. मी तिथे सायकलवरून उतरते आणि चालत पलीकडे जाते.

डर्वेंट धरणाच्या भिंतीचे दोन मनोरेही बघा. १९४३मध्ये ब्रिटिश वायुदलाच्या ६१७ स्क्वाड्रनने जर्मनीतल्या धरणांवरच्या हल्ल्याचा सराव या पाण्यावर अगदी कमी उंचीवरून विमानं नेऊन केला होता.

मोन्साल ट्रेलबद्दलही विचारलं जातं. बेकवेलजवळून साडेआठ मैल, २०११मध्ये खुले झालेले रेल्वेचे लांब बोगदे, हेडस्टोनचा उंच पूल. लहान मुलांना घेऊन जायला उत्तम. रविवारी दुपारी मात्र सायकल चालवणं कमी आणि घंटी वाजवणं जास्त होतं. सकाळी नऊच्या आत जा.

हवा, खाणं, मदत

खाली ऊन असलं तरी पठारावर वारा बोचतो. पातळ कपड्यांचे थर आणि खिशात मावणारं वाऱ्याचं जाकीट जुलैतही सोबत हवं. हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. दिवाळीनंतर निघालात तर पुढचा आणि मागचा दिवा लावूनच निघा.

वाटेवरचे कॅफे दुपारी चारच्या सुमाराला बंद होऊ लागतात आणि पबचं स्वयंपाकघर मधल्या वेळेत बंद असू शकतं. म्हणून डबा हवाच. माझ्या हँडलच्या पिशवीत गुळाची दशमी आणि शेंगदाण्याची चिक्की असते. दशमी थंडीत कडक होत नाही, एका हाताने खाता येते आणि तासाभराचा दम देते. दर पाऊण तासाला दोन घास, भूक लागायची वाट न बघता.

दऱ्यांमध्ये फोनला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. अपघात झाला आणि रस्ता लांब असेल तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. कुठे आहात ते सांगायला नकाशाच्या ॲपमधला ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारी अक्षरं आणि आकडे, वाचून दाखवा. बोलण्याइतकी रेंज नसते तिथे कधी संदेश जातो, पण त्यासाठी फोनची नोंद आधी व्हावी लागते. आत्ताच, घरी बसून, ९९९ला इंग्रजीत 'रजिस्टर' एवढा शब्द एसएमएस करा आणि उत्तरात सांगितलं असेल तसं करा.

घरी आल्यावर, अंघोळीच्या आधी, सायकल धुवा. ओल्या चुनखडीची राखाडी लापशी चेनमध्ये आणि ब्रेकमध्ये जाऊन बसते. वाळली की ती घासकागदासारखं काम करते, आणि दोन-तीन ओल्या स्वाऱ्यांत ब्रेकचे पॅड झिजलेले दिसतात. साध्या नळाचं पाणी सोडा. जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. टायरवरून बोट फिरवून रुतलेले खडे बघा. माझ्या मागच्या टायरमध्ये गेल्या महिन्यात तांदळाएवढा एक धारदार कपचा सापडला, आणखी एका स्वारीत तो आत गेला असता.